डार्क चॉकलेट: रोज किती, कोणतं आणि कसं खावं?

निवांत_दुपार

नमस्कार मंडळी. आईचं वय 62. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) 6.1, वजन थोडं जास्त. 'रोज डार्क चॉकलेट खा, बीपी उतरतं' असं वाचून तिनं दुपारच्या जेवणावर रोज साधारण 40 ग्रॅम खायला सुरुवात केली आहे. वेष्टनावर पुढे '55% डार्क' असं लिहिलंय. मागच्या यादीत: साखर, कोको सॉलिड्स, कोको बटर, इमल्सिफायर (442, 476), व्हॅनिलाचा स्वाद.

विचारायचं असं, की यातून खरोखर फायदा किती? रोज किती खाल्लेलं चालेल? 55 ऐवजी 85 टक्क्यांचं आणावं का? तिला आत्ताचंच फार कडू लागतं, दोन घासांत चावून संपवते आणि वर पाणी पिते. शिवाय फ्रिजमधल्या वडीवर पांढरट थर आलाय, ती टाकून द्यायची का? नेमकी माहिती हवी आहे, 'सगळं प्रमाणात खावं' एवढंच सांगू नका, ही विनंती.

---

मोजूनमापून

आधी 40 ग्रॅमचा हिशेब करू, मग टक्क्यांकडे वळू.

55 टक्के म्हणजे वजनातला 55 टक्के भाग कोकोच्या बीमधून आलेला. उरलेला 45 टक्के जवळजवळ सगळा साखर. म्हणजे 40 ग्रॅममध्ये साखर 18 ग्रॅम, साधारण चार चमचे. उष्मांक दोनशेच्या वर, संपृक्त चरबी सात-आठ ग्रॅम. एचबीएवनसी 6.1 असताना जेवणावर रोज चार चमचे साखर हा सौदा परवडणारा नाही. समोरच्या कागदावर 'डार्क' लिहिलं असलं तरी शरीराला ती साखरच दिसते.

10 ग्रॅमवर या. 70 टक्क्यांचं घेतलं तर त्यात साखर 3 ग्रॅम, उष्मांक 60, संपृक्त चरबी अडीच ग्रॅम. 85 टक्क्यांचं घेतलं तर साखर दीड ग्रॅम. 70 आणि 85 मधला फरक 10 ग्रॅममागे दीड ग्रॅम साखरेचा, एवढाच! त्यासाठी न आवडणारी चव रोज गिळायची गरज नाही. 40 वरून 10 वर येण्यात जी बचत आहे तिच्यापुढे हा फरक किरकोळ आहे.

वजनाचा अंदाज डोळ्यांनी करू नका. वेष्टनावरचं एकूण वजन भागिले चौकोनांची संख्या, एवढं एकदा करून ठेवा. 100 ग्रॅमच्या मोठ्या वडीत 10 चौकोन असतील तर एक चौकोन 10 ग्रॅम. 24 असतील तर अडीच चौकोन. हा आकडा पेनाने वेष्टनावरच लिहून ठेवला की रोज प्रश्न पडत नाही.

आता यादी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. तुमच्या वडीत साखर पहिली आहे म्हणून फसवणूक झाली असं समजू नका. 55 टक्के कोको यादीत दोन नावांत विभागलाय, सॉलिड्स आणि बटर. समजा 40 अधिक 15. मग 45 टक्क्यांची साखर आपोआप पहिली येते. 442 आणि 476 हे चॉकलेट पातळ वाहतं ठेवणारे पदार्थ आहेत. 476 मुळे कोको बटर थोडं कमी घालून भागतं. अपायकारक नाहीत, पण बनवणाऱ्याने खर्चाचा विचार केलाय एवढं कळतं. चांगल्या वडीची यादी छोटी असते: कोको मास (म्हणजे दळलेली कोकोची बी), साखर, कोको बटर, फार तर लेसिथिन (322).

दोन गोष्टी दिसल्या तर वडी परत ठेवा. एक, पाम किंवा हायड्रोजनेटेड वनस्पती तेल यादीत वरच्या क्रमांकावर. ते कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरी चरबी घातलेलं असतं, चॉकलेट नव्हे. दुसरी, 'शुगर-फ्री' असेल आणि आत माल्टिटॉल (965) असेल तर मधुमेहाच्या नावाखाली बिनधास्त खाऊ नका. माल्टिटॉल रक्तातली साखर कमी प्रमाणात का होईना वाढवतं, त्यात उष्मांक साखरेच्या साधारण निम्मे असतातच, आणि एका बैठकीत जास्त झालं की पोटात वायू धरतो, जुलाब होतात.

आणि एक बारकावा, जो दुकानात उभ्या उभ्या उपयोगी पडतो. दोन कंपन्यांच्या 70 टक्क्यांच्या वड्या सारख्या नसतात. 70 मध्ये वेगळं घातलेलं कोको बटरही मोजतात. रक्तदाबाच्या संदर्भात कोकोतल्या ज्या फ्लॅव्हनॉल नावाच्या घटकांची एवढी चर्चा चालते ते बीच्या चरबी नसलेल्या भागात असतात, बटरमध्ये नाही. म्हणून पोषणतक्त्यात 100 ग्रॅममागे एकूण चरबी बघा. 70 टक्के सगळेच्या सगळे कोको मासचे असतील तर चरबी 38 ग्रॅमच्या आसपास येते. 46-47 दिसली तर त्या 70 मधले वीसेक टक्के नुसतं बटर आहे.

---

तुरट

फायदा किती, याचं उत्तर देतो. आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

कोकोत एपिकॅटेचिन नावाचं फ्लॅव्हनॉल असतं. ते रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार व्हायला मदत करतं आणि वाहिनी थोडी सैलावते. हे खरं आहे, प्रयोगांत मोजलेलं आहे. परिणाम खाल्ल्यावर दोन तासांच्या आसपास सर्वांत जास्त असतो आणि मग ओसरतो.

या सगळ्याची सुरुवात पनामाच्या सान ब्लास बेटांवरच्या कुना लोकांपासून झाली. त्यांच्यात वय वाढलं तरी रक्तदाब फारसा वाढत नाही, पण हेच लोक शहरात राहायला गेले की वाढतो, हे हार्वर्डच्या नॉर्मन हॉलेनबर्ग यांनी 1990च्या दशकात दाखवलं. म्हणजे कारण आनुवंशिक नव्हतं. बेटावर ते दिवसाला अनेक कप कोको पितात, म्हणून संशय कोकोवर गेला. पण बेटावरचं आयुष्य इतरही शंभर बाबतींत वेगळं असतं, तेव्हा त्यावरून वडी खायला सुरुवात करणं घाईचं ठरतं.

त्यानंतर काटेकोर चाचण्या झाल्या. कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणारी संस्था; तिचा 2017चा आढावा 35 चाचण्यांचा आहे. रोज सरासरी 670 मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल दिल्यावर रक्तदाब सरासरी 1.8 अंकांनी उतरला. ज्यांचा मुळात जास्त होता त्यांचा वरचा आकडा साधारण 4 ने. बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्या. घरच्या यंत्रावर सकाळ-संध्याकाळच्या मोजणीत एरवीही याहून मोठा चढउतार दिसतो, त्यामुळे 'चॉकलेटनं बीपी उतरलं की नाही' हे घरी मोजून कळणार नाही. गोळीला तर हा पर्याय मुळीच नाही. आईंनी गोळी स्वतःहून कमी केली नाही ना, हे आज विचारून घ्या.

सर्वांत मोठी चाचणी कॉसमॉस नावाची, अमेरिकेत झाली, निकाल 2022 मध्ये आले. 21,442 माणसं, पुरुष साठीपुढचे, स्त्रिया पासष्टीपुढच्या. रोज 500 मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल, साडेतीन वर्षांहून थोडं जास्त. हृदयविकार, पक्षाघात वगैरे सगळ्या घटना मिळून 10 टक्क्यांनी कमी दिसल्या, पण तो फरक योगायोगाचाही असू शकतो इतका लहान होता. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू 27 टक्क्यांनी कमी होते. ते उमेद वाढवणारं आहे, तरी चाचणीचा मुख्य प्रश्न तो नव्हता. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे त्यांनी कॅप्सूल दिल्या होत्या. चॉकलेट नाही. साखर नाही, चरबी नाही.

मधुमेहाबद्दल डिसेंबर 2024 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला अमेरिकन अभ्यास सध्या फिरतोय. आठवड्यातून पाचदा किंवा जास्त डार्क चॉकलेट खाणाऱ्यांत टाइप 2 मधुमेह 21 टक्क्यांनी कमी आढळला, मिल्क चॉकलेटमध्ये तसं काही दिसलं नाही. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. डार्क चॉकलेट निवडणारी माणसं एकूण आहारातही अधिक जपून असतात, आणि तो प्रभाव गणितातून पूर्ण काढता येत नाही. शिवाय तो ज्यांना मधुमेह नव्हता त्यांच्यात पुढे होतो का याचा होता. ज्यांची साखर आधीच काठावर आहे त्यांनी चॉकलेट खाऊन ती उतरेल, असा अर्थ त्यातून काढू नये.

---

कोको_ते_वडी

तुरट यांनी लिहिलेल्या 500 आणि 670 मिलिग्रॅमच्या आकड्यांचं नातं तुमच्या हातातल्या वडीशी का लागत नाही, ते कोकोच्या बागेपासून समजून घ्यावं लागतं.

ताजी कोकोची बी कापली तर आत जांभळी दिसते. तो रंग आणि जिभेला बसणारा जबर तुरटपणा, दोन्ही पॉलिफेनॉलचे (फ्लॅव्हनॉल याच गटातले). शेंग फोडून गरासकट बिया लाकडी पेटीत किंवा केळीच्या पानांत पाचसहा दिवस आंबवतात. तापमान 45 ते 50 अंशांपर्यंत जातं, बी मरते, आतला जांभळा रंग तपकिरी होतो. मग ओलावा 7 टक्क्यांपर्यंत येईस्तोवर वाळवायची आणि 120 ते 140 अंशांवर भाजायची. या प्रत्येक पायरीला फ्लॅव्हनॉल घटतात आणि त्याच प्रत्येक पायरीला चव तयार होते. न आंबवलेल्या बीच्या चॉकलेटला चॉकलेटचा वास येतच नाही. म्हणून चविष्ट आणि फ्लॅव्हनॉलने भरलेली अशी दोन्ही अपेक्षा एकाच वडीकडून करणं अवघड आहे. टक्केवारीवरून आत काय उरलंय हे कळत नाही. 70 टक्क्यांची हळुवार भाजलेली वडी 85च्या काळ्याकुट्ट वडीपेक्षा सरस असू शकते.

सर्वांत मोठा घात अल्कलीने होतो. 19व्या शतकात नेदरलँड्समध्ये व्हान हाउटेन यांनी आणलेली ही रीत: कोकोला पोटॅशियम कार्बोनेटसारखा क्षार लावला की आंबटपणा जातो, रंग गडद होतो, पाण्यात छान मिसळतो. पण 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत नैसर्गिक कोको पावडरमध्ये ग्रॅममागे सरासरी 34.6 मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल निघाले आणि जास्त अल्कली दिलेल्यात 3.9. जवळजवळ नवपट फरक. तेव्हा 'जितकं काळं तितकं चांगलं' ही समजूत सोडून द्या. यादीत 500, 501 किंवा 'अॅसिडिटी रेग्युलेटर' दिसलं की ओळखायचं. नैसर्गिक पावडर फिक्या लालसर मातकट रंगाची असते आणि नाकाजवळ धरली की किंचित आंबूस वास येतो.

नियामकांची भाषाही याच कारणाने जपून आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2012 मध्ये रोज 200 मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉलने रक्तवाहिन्यांची लवचिकता टिकायला मदत होते असं मान्य केलं. तेवढे अडीच ग्रॅम पावडरीतून किंवा 10 ग्रॅम डार्क चॉकलेटमधून मिळू शकतात, पण ती पावडर आणि ते चॉकलेट मुद्दाम फ्लॅव्हनॉल राखून बनवलेलं हवं. अमेरिकेची अन्न-औषध नियामक संस्था एफडीएने 2023 मध्ये आरोग्याचा दावा छापायला परवानगी दिली ती फक्त किमान 4 टक्के फ्लॅव्हनॉल असलेल्या पावडरला, आणि पुरावा फार मर्यादित आहे अशी ओळ जोडून. साध्या पावडरीला आणि चॉकलेटला ती लागू नाही.

आईंना फ्लॅव्हनॉलच हवे असतील तर माझं मत स्पष्ट आहे: नैसर्गिक कोको पावडर, बिनसाखरेची, रोज एक सपाट मोठा चमचा म्हणजे 5 ग्रॅम. चॉकलेट वेगळं, आवडीसाठी. कृती अशी. कपात पावडर घेऊन त्यावर दोन मोठे चमचे कढत पाणी घाला आणि गाठी मोडेपर्यंत घोटा. गार दुधात सरळ टाकली तर तरंगते, कारण तिच्यात दहाबारा टक्के चरबी असते आणि ती भिजत नाही. लेप चकचकीत झाला की 150 मिली गरम दूध किंवा पाणी थोडं थोडं ओता. चिमूटभर मीठ घातलं की कडूपणा जाणवण्याइतका कमी होतो, साखर कमी पुरते. गूळ घालायचा असेल तर गॅस बंद करून, दूध जरा निवल्यावर. उकळत्या दुधात घातला तर दूध फाटण्याची भीती असते. आणि यात केळं घालून शेक करू नका. केळ्यातल्या पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाच्या विकरामुळे फ्लॅव्हनॉल मोडतात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात केळ्याच्या स्मूदीबरोबर ते रक्तात 84 टक्के कमी पोचले.

शिसं आणि कॅडमियम यांच्याबद्दल कोणी विचारलं नाही, तरी रोज खाणाऱ्याला हे माहीत असायला हवं. अमेरिकेच्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने डिसेंबर 2022 मध्ये 28 डार्क वड्या तपासल्या. दिवसाला एक औंस, म्हणजे 28 ग्रॅम खाल्लं तर त्यांतल्या 23 वड्यांमधून शिसं किंवा कॅडमियम कॅलिफोर्नियाच्या मर्यादेपेक्षा जास्त पोटात जात होतं. ती मर्यादा फार कडक आहे (शिसं 0.5 मायक्रोग्रॅम, कॅडमियम 4.1), त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण मार्ग समजून घ्या. कॅडमियम झाड मुळांतून मातीतनं उचलतं, म्हणून कोकोचं प्रमाण जितकं जास्त तितकं ते जास्त. शिसं मात्र तोडणीनंतर येतं, उघड्यावर वाळत घातलेल्या बियांच्या टरफलावर बसलेल्या धुळीतून. 85-90 टक्क्यांचा आग्रह नको म्हणतो त्याचं हेही एक कारण आहे. 10 ग्रॅमच्या आसपास राहा, एकाच कंपनीचं वर्षानुवर्षं खाऊ नका, आणि लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यासाठी रोजची सवय लावू नका.

---

निवांत_दुपार

सगळ्यांचे मनापासून आभार. गोळी चालू आहे, विचारलं. 40 वरून 10 वर आणायचं ठरलं. पण 10 ग्रॅम म्हणजे तिच्या दृष्टीनं एक घास! तेवढ्यात समाधान कसं व्हावं? आणि जेवणावर लगेच खाणं बरोबर की संध्याकाळी?

---

सावकाश_चव

एक घासच आहे, पण तो चार मिनिटांचा करता येतो. चावून वर गार पाणी पिण्यात चॉकलेटचा जवळजवळ सगळा स्वाद वाया जातो, आणि कडूपणा तेवढा लक्षात राहतो. आईंना ते 'फार कडू' वाटण्याचं निम्मं कारण हेच असावं.

कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे तोंडाच्या तापमानाच्या जरासं खाली. वास देणारे घटक त्या चरबीत अडकलेले असतात. ती वितळली की सुटतात आणि घशामागून नाकात जातात. फ्रिजमधून काढलेला तुकडा चावला तर चरबी घट्टच राहते, वास सुटत नाही, जिभेवर राहतो तो भुगा आणि कडूपणा. वर गार पाणी प्यायलं की वितळलेली चरबी टाळूवर मेणासारखी थिजते.

असं करून बघा. 10 ग्रॅमचे दोन तुकडे करायचे आणि उरलेली वडी पहिला तुकडा तोंडात टाकण्यापूर्वीच गुंडाळून कपाटात ठेवायची. ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे. वडी समोर उघडी असली की दहाचे वीस होतात.

तुकडा खोलीच्या तापमानाला आलेला असावा. मोडताना कानाकडे लक्ष द्या. चांगल्या जमलेल्या चॉकलेटचा 'टक्' असा कोरडा आवाज येतो आणि कड स्वच्छ तुटते. वाकून, चुरा होत तुटलं तर ते एकदा वितळून परत घट्ट झालेलं आहे. मोडलेली कड लगेच नाकाशी न्या, वरच्या गुळगुळीत बाजूपेक्षा तिथं वास जास्त असतो. मग जिभेच्या मध्यावर ठेवून टाळूला हलकेच दाबायचं. चावायचं नाही. पहिले दहा-पंधरा सेकंद काहीच कळत नाही, नुसता गुळगुळीत स्पर्श. मग कडा विरघळू लागतात आणि बहुधा आधी आंबट-गोड चव येते, कधी मनुक्यासारखी, कधी लिंबूवर्गी. केरळ-आंध्रच्या कोकोत हा आंबूसपणा बऱ्याचदा ठळक असतो, तो दोष नव्हे. या वेळी तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास सोडा. वास एकदम मोठा होतो. मग मधल्या टप्प्यावर कडूपणा, भाजलेल्या शेंगदाण्याकडे किंवा कॉफीकडे झुकणारा. शेवटी गालांना आतून ओढ बसते, कच्च्या आवळ्यासारखी तुरट. ती ओढ फ्लॅव्हनॉलची. ती ओसरेपर्यंत, निदान एक मिनिट, दुसऱ्या तुकड्याला हात लावू नका. दुसरा तुकडा पहिल्यापेक्षा गोड लागतो, कारण जीभ कडूला सरावलेली असते.

आधी कोमट पाण्याने चूळ भरावी. ठेचा, लसूण, लोणचं यांच्यावर लगेच खाल्लं तर काही कळणार नाही. चहाबरोबरही नको: गरम चहाने तुकडा क्षणात वितळतो आणि चहाचा तुरटपणा त्यात भर घालतो.

70 टक्क्यांवर एकदम उडी मारू नका. पहिले दोन आठवडे रोजच्या 10 ग्रॅममध्ये निम्मं 55चं, निम्मं 70चं. आधी 70चा तुकडा खायचा, मग 55चा. उलट केलं तर गोडावर 70 विषासारखं कडू लागतं. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही 70चे. अडखळलं तर 70च्या तुकड्यावर मिठाचे चार कण, किंवा सोबत दोन भाजलेले बदाम. सुक्या अंजिराची चकती फार सुरेख जाते, पण आईंच्या साखरेचा विचार करता पाव अंजिरापुढे जाऊ नये.

---

आहारातलं_लोह

वेळेबद्दल. जेवणावर लगेच नको, याला चवीशिवाय दुसरंही कारण आहे. ज्या पॉलिफेनॉलचं कौतुक चाललंय तेच वरण, पालेभाजी, नाचणी यांतल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते शोषलं जात नाही. चहाचं जसं होतं तसंच. डार्क चॉकलेटमध्ये 100 ग्रॅममागे 12 मिलिग्रॅम लोह असतं म्हणून 'हिमोग्लोबिन वाढवतं' असं सांगतात. 10 ग्रॅमला ते सव्वा मिलिग्रॅमही नाही, आणि त्यातलंही थोडंच अंगी लागतं. शाकाहारी घरात, विशेषतः रक्त कमी असलेल्या बायकांनी, चॉकलेट आणि कोको जेवणापासून दीड-दोन तास लांब ठेवावं. लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यापासूनही.

म्हणून दुपारी चारची वेळ चांगली. त्या वेळी बिस्किटं किंवा फरसाण खाल्लं जात असेल तर त्याच्या *ऐवजी* खावं, त्याच्यावर नव्हे. 10 ग्रॅममध्ये कॅफिन 8 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाच्या कपापेक्षा खूपच कमी; पण थिओब्रोमिन (कॅफिनसारखाच कोकोतला उत्तेजक घटक) 80 मिलिग्रॅम असतं आणि ते शरीरातून सावकाश जातं. झोप हलकी असेल तर रात्रीचं टाळलेलं बरं.

काहींनी मात्र आधी डॉक्टरांशी बोलावं. ऑक्झलेटचे मूतखडे होऊन गेले असतील तर, कारण कोकोत ऑक्झलेट भरपूर. छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं असेल तर. चॉकलेटनं अन्ननलिकेच्या खालची झडप सैलावते. नैराश्यासाठी एमएओ इनहिबिटर गटातलं जुनं औषध चालू असेल तर. निकेलची अॅलर्जी असणाऱ्यांच्या अंगावर उठू शकतं. अर्धशिशी असेल तर महिनाभर खाल्ल्याची आणि डोकं दुखल्याची वहीत नोंद ठेवून बघावं, सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही. आणि घरात कुत्रा असेल तर चौकोन खाली पडू देऊ नका, थिओब्रोमिन त्याला विषारी आहे आणि डार्कमध्ये ते सर्वांत जास्त.

---

कोको_ते_वडी

पांढऱ्या थराचं राहिलं होतं.

दोन प्रकार असतात, दोन्ही बुरशी नव्हेत. बोटानं थर चोळा. चोळल्यावर तेलकट होऊन नाहीसा झाला तर ते कोको बटर वर आलंय: वडी कुठंतरी 30 अंशांच्या वर तापली, बटर वितळलं आणि वेगळ्या स्फटिकरूपात पुन्हा गोठलं. कोको बटरची सहा स्फटिकरूपं असतात, त्यांतलं पाचवंच चकाकी आणि 'टक्' देतं. एप्रिल-मेमध्ये दुकानातून घरी आणेपर्यंतच हे होऊ शकतं. थर खरखरीत लागला आणि चोळून गेला नाही तर तो साखरेचा. फ्रिजमधली गार वडी बाहेरच्या दमट हवेत उघडली, तिच्यावर दव धरलं, दवात साखर विरघळली आणि पाणी उडाल्यावर वर राहिली. मुंबई-कोकणात पावसाळ्यात बहुतेक वेळा हाच. खात्री करायची असेल तर पाण्याचा एक थेंब ठेवून बघा; साखरेच्या थरावर तो पसरतो, चरबीच्या थरावर गोल मण्यासारखा राहतो.

खायला दोन्ही सुरक्षित आहेत. पण खवट किंवा फ्रिजमधल्या कांद्याचा वास येत असेल, किंवा केसाळ, हिरवट ठिपके असतील तर टाकून द्या.

चॉकलेटला 16 ते 18 अंश आणि कोरडी हवा हवी. आपल्याकडे उन्हाळ्यात ती घरात मिळत नाही, तेव्हा फ्रिज लागतोच. वडीला फॉइल घट्ट गुंडाळा, मग हवा काढून झिपच्या पिशवीत, मग घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबा भाजीच्या कप्प्याजवळ जिथं थंडी कमी असते तिथं. रोज अख्खी वडी आत-बाहेर करू नका. आठवड्याचे सात भाग करून छोट्या डबीत वेगळे ठेवा आणि रोज एकच काढा. काढल्यावर पुडी *न उघडता* अर्धा-पाऊण तास बाहेर राहू द्या, म्हणजे दव पुडीवर बसेल, चॉकलेटवर नाही.

थर आलेली वडी नुसती खायला मजा येत नाही, तिचं पेय करा. 10 ग्रॅम बारीक किसून कपात घ्या, वर 30 मिली कढत पाणी एकदम ओता, अर्धा मिनिट तसंच राहू द्या आणि मग मधून बाहेर असं ढवळा. पाणी थेंबथेंब घातलं तर चॉकलेट आळून गोळा होतं, कारण त्यातली कोरडी साखर आणि कोको तेवढ्या ओलाव्याने एकमेकांना चिकटतात. तसं झालंच तर फेकू नका, आणखी एक-दोन चमचे गरम पाणी घालून घोटा, परत सैल होतं. मग 120 मिली गरम दूध. 55 टक्क्यांची वडी आहे, वरून साखर घालायची गरज नाही, आणि आईंचं त्या दिवसाचं चॉकलेट त्यातच मोजा.